वीतभर पुढे

टेबलाच्या कडेशी ठेवलेला पेला ते आत सरकवायचे. पेला कुणाचाही असो, टेबल कुणाचंही असो.

खोलीत शिरताना माणसं समोर बघतात. ते खाली बघायचे. आधी फरशी, मग माणसं.

कानामागे खडू. पँटच्या दोन्ही खिशांत एकेक लाकडी पाचर, तळहाताएवढी, कडा झिजून गुळगुळीत झालेली. लग्नाला जातानाही.

दार वाऱ्याने आपटत असलं की त्याखाली पाचर. निघताना आठवणीने परत खिशात.

वस्तू उचलायचे नाहीत, सरकवायचे. "उचलणं हा गर्विष्ठ माणसांचा धंदा," असं म्हणायचे.

नुसतं बघून वजन सांगायचे. गॅसची टाकी, शिलाई मशीन, माणूस. पुरुषांचं पाच किलो कमी सांगायचे, बायकांचं दहा.

आणि दिवसातून शंभर वेळा "हळू". जिना उतरणाऱ्याला हळू. दूध ओतणाऱ्या बायकोला हळू. रस्त्यावरून सुसाट गेलेल्या स्कूटरला हळू, ती वळणापलीकडे दिसेनाशी झाल्यावरसुद्धा. म्हणून सगळे त्यांना हळूकाका म्हणायचे. खरं नाव कागदोपत्री होतं, ते तिथेच राहिलं.

ही यादी तिने हळूकाका गेल्यानंतर पाचव्या दिवशी केली. तिने साहित्यात एम.ए. केलं होतं. दुःख झालं की आपल्याला काहीतरी लिहिता येईल, असा तिचा समज होता. यादीपलीकडे काही उतरेना.

ती वरच्या मजल्यावर राहायची, आईबरोबर. हळूकाका आणि काकू तळमजल्यावर. मधे बावीस पायऱ्या, आणि वयात तीस वर्षांचं अंतर. मैत्री कशी झाली, हे दोघांपैकी कुणालाच सांगता आलं नसतं. झाली, एवढं खरं.

हळूकाकांचं काम अवजड यंत्रं हलवण्याचं. कारखान्यात नवं यंत्र येतं. क्रेन ते ट्रकवरून उचलते, दाराशी ठेवते आणि निघून जाते. छपराखाली तिला शिरता येत नाही. तिथून पुढे हळूकाका आणि त्यांची पाच माणसं. पहारीने यंत्राची एक बाजू बोटभर वर करायची, खाली लोखंडी पाइपांचे तुकडे आडवे सारायचे, आणि मागून ढकलायचं. यंत्र पाइपांवरून गडगडत पुढे जातं. मागचा पाइप मोकळा झाला की तो उचलून पुढे आणून ठेवायचा. वळायचं असेल तर पाइप तिरपे लावायचे. असं करत आठ टनांचं यंत्र पाच माणसं दारापासून त्याच्या जागेपर्यंत नेतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला ते खरं वाटत नाही.

पुढचा पाइप लावणं हे यातलं सगळ्यांत वाईट काम. चालत्या यंत्रासमोर उकिडवं बसायचं, पाइप सरळ ठेवायचा, झटकन बाजूला व्हायचं. ते काम हळूकाका स्वतः करायचे. कुणाला कधी करू दिलं नाही.

आणि या गटात "थांबा" हा शब्दच नव्हता. यंत्र थांबवायचं असलं की हळूकाका म्हणायचे, "हात काढा." पाचही जण एकदम हात काढायचे. यंत्र वीतभर पुढे जायचं आणि आपलं आपण उभं राहायचं. ती वीत काकांच्या डोळ्यांत बसलेली होती. भिंतीपासून वीतभर जागा उरली की हात काढा. भिंतीत आणि यंत्रात मग कागद सरकेल एवढीच फट राहायची. बघायला आलेले साहेब टाळ्या वाजवायचे. काका पँटला हात पुसायचे.

चौतीस वर्षं हे चाललं. एकाचंही बोट गेलं नाही. या धंद्यात असं सांगितलं तर लोक म्हणतात, चला, उगाच काहीतरी.

मग नव्या कारखान्यांनी अट घातली. गटाच्या प्रमुखाकडे लेखी परीक्षेचा दाखला पाहिजे. दाखला नसेल तर गटाने फाटकाच्या आत यायचं नाही. जुने कारखाने एकेक करून बंद पडत होते. दाखला नाही म्हणजे काम नाही, आणि काम नाही म्हणजे सहा घरांच्या चुली विझणार. त्यातलं एक घर काकूंच्या सख्ख्या भावाचं. तो गटात दोर आणि साखळ्या सांभाळायचा.

एका संध्याकाळी हळूकाका बावीस पायऱ्या चढून वर आले. हातात शाळेचं पुस्तक होतं, रद्दीच्या दुकानातून आणलेलं. एका धड्यात खडू ठेवलेला. बल आणि गती.

"बाई, हे शिकवा."

"काका, मी भाषा शिकवते. भौतिकशास्त्रात मी काठावर पास झालेय. तेसुद्धा सर दयाळू होते म्हणून."

"वजनाचं मी बघतो हो. तुम्ही लिहायचं बघा. आठवीनंतर मी सही सोडून काही लिहिलेलं नाही."

आतून आई म्हणाली, "शिकव गं. आपला फ्रीज त्यांनीच वर आणला. एक ओरखडा नाही."

"फ्रीजचं काय घेऊन बसलात, वहिनी. तुमच्या यजमानांचं पुस्तकांचं कपाट. ते खरं अवघड होतं. रुसलेल्या पाहुण्यासारखं प्रत्येक पायरीवर थांबत होतं."

तेव्हापासून ती मास्तरीणबाई झाली. रोज साडेसहाला शिकवणी. काका हातपाय धुऊन यायचे, दाराखाली पाचर लावायचे, तिचा पेला टेबलावर आत सरकवायचे आणि वही उघडायचे. अक्षर मोठं, पहिलीतल्या मुलासारखं, पण ओळ कधी वाकडी नाही. सरळ रेषेची सवय होती.

गतीचे तीन नियम होते. काकांना तिसरा आवडला म्हणून त्यांनी तिथून सुरुवात केली. तिने वाचून दाखवलं: एक वस्तू दुसरीवर जेवढं बल लावते, तेवढंच बल दुसरी वस्तू पहिलीवर उलट दिशेने लावते.

"शंभर टक्के," काका म्हणाले. "मी यंत्राला ढकलतो, यंत्र मला ढकलतं. खोटं वाटत असेल तर माझ्या गुडघ्यांना विचारा. आणि फरशी ओली असली तर बघाच. यंत्र जागच्या जागी, आणि तुम्ही मागे."

"हेच उदाहरण लिहा."

त्यांनी पाऊण पान लिहिलं.

दुसरा नियम. तेच बल लावलं तर जड वस्तूचा वेग हळूहळू वाढतो, हलकीचा भराभर.

"म्हणून तर मला चार टनांची भीती जास्त वाटते," काका म्हणाले. "आठ टन विचार करून निघतं. चार टन म्हणजे नुकती सायकल शिकलेलं पोर."

तेही लिहिलं.

मग पहिला नियम आला. तिने वाचलं: बाहेरून बल लावलं नाही, तर स्थिर वस्तू स्थिरच राहते, आणि चालती वस्तू त्याच वेगाने सरळ रेषेत चालत राहते.

काकांनी पेन खाली ठेवलं.

"पहिलं अर्धं बरोबर आहे. दुसरं अर्धं थाप."

"थाप कशी असेल, काका? पुस्तकात आहे."

"चालत राहते? कुठे चालत राहते? हात काढले की थांबतं. चौतीस वर्षं बघतोय. वीतभरात थांबतं, फार तर दोन बोटं इकडेतिकडे. हे ज्यांनी लिहिलं त्यांनी कधी काही ढकललंय का?"

तिने पुढचा परिच्छेद वाचला. त्यात घर्षण होतं. "जमीन थांबवते, काका. जमिनीचं घर्षण. ते नसेल तर वस्तू जातच राहील."

"जमीन कशाला थांबवेल? जमीन आपली पडलेली असते."

तिला ते वाक्य माहीत होतं, एवढंच. वाक्याची चाल आवडायची. त्याच्या आत काय आहे, हे तिने कधी उघडून पाहिलं नव्हतं. साडेसात वाजत आले होते, आणि परीक्षेला तीन आठवडे उरले होते.

"काका, पटायची गरज नाहीये," ती म्हणाली. "लिहायचंय. पेपरात हेच वाक्य जसंच्या तसं उतरवायचं. दोन मार्क."

"न पटलेलं लिहायचं?"

"आम्ही पाच वर्षं तेच केलं."

काका मोठ्याने हसले. तीही हसली. आतून आईसुद्धा हसली, काय झालं ते न कळता.

वाक्य पाठ झालं. काका ते जिन्यावर म्हणायचे, अंगणात दात घासताना म्हणायचे. काकू तिला म्हणाल्या, "भाजी निवडता निवडता मलाच पाठ झालंय. स्थिर वस्तू स्थिरच राहते. हे मी सुट्टीच्या दिवशी ह्यांच्याकडे बघून लग्नापासून सांगतेय, तर माझं कुणी छापलं नाही."

पण एक अडचण राहिली. धड्याच्या शेवटी प्रश्न होता, प्रत्येक नियमाचं स्वतःच्या अनुभवातलं एक उदाहरण द्या. पहिल्या नियमापुढे काकांनी "उदाहरण:" असं लिहिलं आणि खाली चार ओळी मोकळ्या सोडल्या.

"पुस्तकातलं लिहा ना. बसने अचानक ब्रेक दाबला की प्रवासी पुढे झुकतात."

"ते पुस्तकाचं झालं. स्वतःचं द्या म्हटलंय."

"कोण तपासायला येणारे?"

"मी आहे ना," काका म्हणाले. "सापडलं की लिहितो."

परीक्षेला ते इस्त्रीचा शर्ट घालून गेले. त्यांचा बाक डुगडुगत होता. त्यांनी खिशातली पाचर काढून पायाखाली सारली. पर्यवेक्षक धावत आले, काय कॉपी आहे बघायला. खाली वाकले, पाचर बघितली, बाक हलवून बघितला, आणि शेजारच्या बाकासाठी दुसरी मागितली. पेपरात पहिला नियम आला होता. काकांनी तो शब्दन्‌ शब्द लिहिला. उदाहरणाची जागा कोरी ठेवली. शंभरात अडुसष्ट मिळाले.

त्या दिवशी अख्खा गट बावीस पायऱ्या चढून वर आला. काकूंचा भाऊ ओरडला, "अरे, दाजींना उचला खांद्यावर!"

"उचलायचं नाही," काका म्हणाले. "सरकवा."

आणि गटाने खरंच त्यांना खुर्चीसकट दारापर्यंत सरकवत नेलं.

शिकवणी संपली असं तिला वाटलं. दुसऱ्या दिवशी साडेसहाला काका दारात.

"काका, परीक्षा झाली."

"परीक्षा झाली. काम कुठे झालंय? उदाहरण राहिलंय." मग जरा वेळाने, "तुमचंही एक काम राहिलंय. ते कपाट."

तिच्या वडिलांचं लोखंडी कपाट खिडकी अडवून उभं होतं. ते समोरच्या भिंतीला न्यायचं आणि खिडकीपाशी लिहायचं टेबल लावायचं, असं ती दोन वर्षं नुसतं म्हणत होती. रविवारी सकाळी काका चार आखूड पाइप आणि छोटी पहार घेऊन आले. आधी खाली बघितलं. मग कपाटाकडे.

"पुस्तकं काढते," ती म्हणाली.

"कशाला? तीनशे वीस आहे पुस्तकांसकट. बसू द्या त्यांना आत."

पाच मिनिटांत कपाट पाइपांवर होतं. काकांनी खोलीच्या मधोमध फरशीवर खडूने रेघ मारली. "आधी इथवर. मग पाइप बदलू. रेघेआधी वीतभर मी हात काढा म्हणेन. तुम्ही हात काढायचे. रेघेवर थांबेल." ते बाजूला उभे राहिले. "ढकला. दोन बोटांनी."

"दोन बोटांनी?"

"एक दुखत असेल तर दुसरं लावा."

तिने दोन्ही हात लावले. आधी काहीच झालं नाही. मग कपाट सुटलं. वडिलांचं कपाट, ज्याच्याशी टेकून ती लहानपणी पुस्तकं वाचायची, ते तिच्या बोटांपुढे चालत होतं. ती लहान मुलीसारखी ओरडली. आई हातातलं काम टाकून दारात आली.

"हात काढा."

तिने हात काढले. कपाट रेघेपर्यंत आलं. रेघेवर थांबलं नाही. शांतपणे रेघ ओलांडून पुढे गेलं आणि मग उभं राहिलं.

काकांनी दोन्ही बाजूंना पाचरी लावल्या. मग ते खाली बसले आणि रेघेपासून कपाटापर्यंत हात पसरून मोजलं. एक वीत.

"वीतभर पुढे गेलं," ते म्हणाले.

"पुस्तकं आहेत ना, काका. पुढे काय होतं ते बघायची घाई."

एरवी ते हसले असते. ते फरशीवरून तळहात फिरवत होते, गुरांच्या पाठीवरून फिरवावा तसा. "ही केव्हा घातलीत?"

"गेल्या वर्षी. जुनी उखडली होती. का?"

"काही नाही."

खालून काकूंची हाक आली. जेवण निवतंय. काका गुडघ्यांवर हात ठेवून उठले. "उरलेलं पुढच्या रविवारी. मला जरा विचार करू दे." पाचरी तशाच ठेवल्या. पहिल्यांदाच ते दोन्ही खिसे रिकामे घेऊन जिना उतरले.

तिला घर्षण हा शब्द येत होता. काकांना फरशी कळत होती. दोन्ही गोष्टी त्या सकाळी एका खोलीत होत्या, हातभर अंतरावर. तिने आईला चहा टाकायला सांगितलं.

बुधवारी हळूकाका गेले.

ते कसं झालं, हे तिला काकूंच्या भावाने सांगितलं, शुक्रवारी, जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून. तो तिच्याकडे बघत नव्हता. हातातल्या दोराच्या तुकड्याची गाठ मारत होता, सोडत होता.

"नवा कारखाना, बाई. दाखल्यावर मिळालेलं पहिलंच काम. फरशी म्हणजे नुसता आरसा. खाली बघितलं की आपलं तोंड दिसायचं. दाजी दारातच थांबले. खाली बसून हात फिरवला. साहेब म्हणाला, काय काका, आवडली का? दाजी आम्हाला म्हणाले, आज हळू. आम्ही हसलो. रोजच हळू. तर म्हणाले, नाही, आज रोजच्यापेक्षा हळू."

"मग?"

"यंत्र असं निघालं की आम्हालाच पटेना. आठ टन, आणि दोघांनी ढकललं तरी चाललं असतं. जागेच्या पुढे खांब होता. दाजी पुढच्या पाइपाला, यंत्राच्या आणि खांबाच्या मधे. वीतभर नाही, दोन विती राहिल्या तेव्हाच म्हणाले, हात काढा. दोन विती, बाई. जन्मात कधी ठेवल्या नव्हत्या. मला वाटलं, म्हातारे झाले दाजी."

त्या दोन विती कुठून आल्या, हे तिला माहीत होतं. एक नेहमीची. एक तिच्या घरातली.

"आम्ही हात काढले. पण ते जातच राहिलं. जोरात नाही हो. गोगलगायीसारखं. एवढं हळू की ओरडावंसंही कुणाला वाटलं नाही. दाजींनी पाचर घातली. पाचर त्याच्यापुढे फरशीवरून सरकायला लागली. दुसरी घातली. तीही सरकली. नव्या होत्या, आदल्या दिवशी तासलेल्या. त्यांच्या नेहमीच्या कुठे गेल्या होत्या, कोण जाणे. त्यांनीही काही झालं नसतं. त्या फरशीवर कशानेच काही झालं नसतं."

"बाजूला का नाही झाले?"

"वेळ होता. तेच तर. बाजूला व्हायला भरपूर वेळ होता." गाठ सुटली, त्याने परत मारली. "पण खांबाला यंत्र लागलं असतं. पहिल्याच दिवशी. साहेब समोर उभा. परत कुणी फाटकात घेतलं असतं का आम्हाला? दाजी तिसरी पाचर शोधत होते. खिशात हात घातला त्यांनी. खिशात काही नव्हतं."

त्याने गाठ घट्ट ओढली.

"आम्ही धरून ओढलं मागे. आमचे पाय सरकत होते, बाई. यंत्र आपलं चाललेलंच, आणि आम्हीच त्याच्याकडे. मागून दोर बांधलेला असता तर थांबलं असतं. दोर माझं काम. पण इतक्या वर्षांत मागून दोर कधी लागलाच नाही. हात काढले की थांबायचं ना."

तो उठला आणि आत गेला. ती पायरीवर बसून राहिली.

रविवारी, यादी केली त्या दिवशी, ती खाली गेली. काकू स्वयंपाकघरात होत्या. समोर पातेलं होतं आणि पातेल्यात काही नव्हतं. तिने दारातच सांगून टाकलं, कारण आत गेली असती तर जमलं नसतं.

"काकू, मी त्यांना म्हटलं होतं, पटायची गरज नाही. नुसतं लिहा."

"माहितीये मला," काकू म्हणाल्या. "त्याच संध्याकाळी सांगितलं ह्यांनी. म्हणाले, आपली बाई हुशार आहे, पण खोटं बोलता येत नाही तिला. हसत होते."

"काकू, मी जर नीट समजावून दिलं असतं..."

"तुला तरी समजलं होतं का?"

त्यात टोमणा नव्हता. त्या खरंच विचारत होत्या. तिने मान हलवली. नाही.

"मग कुठून देणार होतीस?" काकूंनी पातेलं ओट्यावर आत सरकवलं. कडेपासून बरंच आत. मग फळीवरची वही काढून तिच्या हातात दिली. "त्या रविवारी जेवण झाल्यावर लिहीत बसले होते. मी म्हटलं, आता कसला अभ्यास? म्हणाले, बाईंना दाखवायचंय. मग कुणीतरी नव्या कारखान्याच्या कामाचं सांगायला आलं आणि उठले. तूच ठेव. मला तुझं नाव दिसत राहतं त्यात."

तिने वही वर नेली. पहिल्या नियमापाशी उघडली. "उदाहरण:" पुढच्या चार ओळी आता कोऱ्या नव्हत्या. मोठं, सरळ रेषेतलं अक्षर.

बाईंच्या घरी कपाट ढकललं. रेघेवर थांबायला हवं होतं. वीतभर पुढे गेलं. पाइप आमचेच. हात काढले ते वेळेवर. वजन माझं चुकत नाही. फरशी तेवढी नवी. म्हणजे इतकी वर्षं हात काढल्यावर यंत्र थांबत होतं ते आपल्यामुळे नाही. त्याला थांबवत होती

इथे चौथी ओळ संपली होती. पान उलटलं तर पुढचं पान कोरं होतं.

तिने पेन घेतलं. पुढचा शब्द तिला येत होता. शाळेतल्या कुठल्याही मुलाला आला असता. तिने पेनचं टोपण काढलं, बराच वेळ तसंच धरलं, परत लावलं.

आता काकूंचा भाऊ मधूनमधून वर येतो. दर वेळी विचारतो, "बाई, कपाट नेऊ का पलीकडे? दोन मिनिटांचं काम आहे." आईही म्हणते, येता-जाता ठेच लागते. ती दर वेळी म्हणते, राहू दे.

कपाट खोलीच्या मधोमध उभं आहे. खाली चार पाइप, दोन बाजूंना दोन पाचरी, कडा झिजून गुळगुळीत झालेल्या. मागे वीतभर अंतरावर खडूची रेघ आहे. आई फरशी पुसताना तेवढी जागा सोडते. खिडकी मोकळी झाली आहे, पण तिथे टेबल अजून लावलेलं नाही. ते कपाट भिंतीला लागल्यावर लावायचं ठरलं होतं.